कोरा सहावा ट्रॅक

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा संपली आणि मी गणवेश न बदलताच बाबांच्या खोलीत शिरले. दप्तर दाराशी फेकलं आणि जमिनीवर गिटारची पेडल, म्हणजे आवाज बदलणारे छोटे डबे, मांडायला बसले.

ही खोली घराच्या मागे, गाडी ठेवायच्या जागेला लागून आहे. बाबा कार्यक्रमांना स्पीकर आणि माइक पुरवतात, बिघडलेले अँप्लिफायर दुरुस्त करतात आणि उरलेला वेळ इथे जुन्या टेपा ऐकत काढतात. भिंतींना जाड गाद्या ठोकल्यात. दार लावलं की घराचा आवाज कुणी चिमटीत धरून विझवल्यासारखा बंद. एका बाजूला सोळा चॅनलचा जुना मिक्सर, प्रत्येक चॅनलचा आवाज वरखाली करायला एकेक सरकती दांडी, म्हणजे फेडर, त्याच्या शेजारी टेबलाएवढं टेप मशीन, आणि सगळ्या खोलीभर सोल्डरिंगचा गोडसर जळका वास. तोपर्यंत मला जगात सगळ्यात जास्त आवडणारी जागा हीच होती.

एकवीस वर्षांपूर्वी बाबा आणि त्यांच्या मित्रांचा एक बँड होता. त्यांनी एकच रेकॉर्ड काढली, तीही डबची. डब म्हणजे काय हे मी वर्गात इतक्यांदा समजावलंय की मागच्या बाकावरच्यांना पाठ झालंय. रेगेचं एक साधं गाणं घ्यायचं, मिक्सरवर बसायचं आणि त्यातलं एकेक काढून टाकायचं. गाणारा गेला. ऑर्गन गेला. उरतात बेस, ड्रम आणि मधूनच गिटारचा एखादा ठोका. तो इकोत भिरकावला की उसळ्या खात लांब जातो आणि विरतो. "डब करणारा माणूस कात्रीने वाजवतो," हे बाबांचं आवडतं वाक्य. मला ते फार भारी वाटायचं. वाटायचं, असंच म्हणते.

जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्या एका माणसाला ही रेकॉर्ड सापडली होती. घरात त्याचं नाव पडलं रेकॉर्डवाला. त्याला ती नव्या कव्हरसकट बाजारात आणायची होती. अडलं होतं एकच गाणं, चौथं. त्याच्या मूळ टेपवर आठ ट्रॅक, म्हणजे आठ वाद्यांच्या आठ वेगळ्या पट्ट्या. सात ठणठणीत. सहावा, गिटारचा, कोरा.

"ओल लागली असणार," बाबा म्हणाले होते. "तयार गाण्याची एक कॅसेट आहे माझ्याकडे. तिच्यावरचा सूर पकड आणि गिटार तूच वाजव."

मी! गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा जी पुटपुटायची, ती मी. मग शाळेच्या कार्यक्रमात गिटार घेऊन एकटी उभी राहिले, सातशे जणांसमोर, आणि कुणीच हसलं नाही. तेव्हापासून माझा जो आवाज सुटलाय तो सुटलाय. मामा मला टिटवी म्हणतो. मला अजिबात राग येत नाही.

म्हणजे त्याचा येत नाही.

तर रविवारी दुपारी बारा वाजता रेकॉर्डवाला फोन करून कव्हरवरची नावं उतरवून घेणार होता. तोवर मला तो सूर मिळवायचा होता. सोपं वाटतं, नसतं. तारांचा आवाज टिपणारा पुढचा पिकअप, टोनचं बटण जवळपास बंद, तारा डाव्या हाताने नुसत्या टेकवलेल्या आणि उजव्या हाताचा छोटासा खालचा फटका. कोरड्या पानावर पाय पडावा तसा ठोका हवा. मग फेझर, तो आवाजाला सावकाश पिळतो. मग आवाज घुमवणारा स्प्रिंगचा रिव्हर्ब, ज्याचा डबा चुकून लाथाडला तर वीज पडल्यासारखं होतं. (मी दोनदा लाथाडला.) आणि सगळ्यात शेवटी इकोचं हिरवं पेडल, बाबांनी स्वतः जोडलेलं. त्याला आठवण अशी फार नसते. आलेला आवाज अर्धा सेकंद धरून ठेवतं, परत करतं, विसरतं. परत केलेल्यातला थोडा पुन्हा स्वतःतच घेतलं की तीन-चार इको मिळतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा मऊ.

दोन तास झाले. सगळं जुळत होतं आणि काहीच जुळत नव्हतं. माझा ठोका कॅसेटवरच्या ठोक्याशेजारी ठेवला की माझा टोचायचा. टोन आणखी कमी केला. प्लेक्ट्रम टाकून अंगठ्याने वाजवलं. शेवटी चिडून हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि कॅसेटवरचा एकच ठोका पंधरा वेळा ऐकला.

सोळाव्यांदा लक्षात आलं. ठोका नव्हताच. त्याच्या जागी पोकळी होती, आणि अर्ध्या सेकंदाने त्याचा इको. माणूस नाही, नुसती सावली चालत गेलेली.

तेवढ्यात कुणीतरी माझा खांदा हलवला. आई. हातात चहाचा कप.

"केव्हाची हाका मारतेय," ती म्हणाली. "हाका मारतेय. मारतेय."

आईची ही सवय. सगळं तीनदा म्हणायचं, आणि दरवेळी आधीपेक्षा हळू. घरात त्यावर विनोदच आहे की आईचं पहिलं वाक्य सरावाचं, दुसरं भिंतीचं, तिसरं आपलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बोटांवर बारीक बारीक चिरा असतात. कप ठेवून, जमिनीवरची पेडल ओलांडून ती गेली. हिरव्या पेडलाला तिचा पाय लागला नाही. खाली न बघता तिने तो बरोबर उचलला होता.

चार वाजता मामा आला. मामा आईचा धाकटा भाऊ, त्या बँडमधला बेस वाजवणारा. आता पावाची गाडी चालवतो आणि त्याच्या अंगाला कायम भट्टीचा वास येतो. बाबा स्पीकर पोचवायला बाहेर गेले होते.

"काय टिटवे, मिळाला का सूर?"

"मामा, ऐक. यात पहिला ठोकाच नाहीये. कुणीतरी काढून टाकलाय."

मामाने हेडफोन एका कानाला लावला. दोन ओळी ऐकल्या आणि हसायला लागला. "बाप रे. तोच तो. ताईचा फटका. वर येताना हळूच एक उलटा मारायची बघ, झ्यॅ-क. एकाही पोराला जमला नाही तो."

"कुणाची ताई?"

"कुणाची म्हणजे? माझी! तुझी आई!" मग माझं तोंड बघून त्याचं हसू गळालं. "तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. सोळा वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. मी रेकॉर्डचं जुनं कव्हर ओढून काढलं. बेस, ड्रम, ऑर्गन, आवाज, ध्वनिमुद्रण. खाली चहा आणणाऱ्याचेसुद्धा आभार. गिटार ही ओळच नाही.

"सांग," मी म्हटलं. "सगळं सांग, नाहीतर तुझा बेस विहिरीत."

मामाने डोकं खाजवलं. "अगं, काय सांगू. चौथं गाणं मिक्स करत होते दाजी. आम्ही सगळे मागे बसलेलो. ताई म्हणाली, गिटार ऐकू येत नाहीये. दाजींनी मान हलवली नुसती. ती परत म्हणाली. आमचा ड्रमवाला हसला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा दाजींनी... म्हणजे चिडले ते... गिटारचा फेडर धरला आणि सर्रकन खाली. म्हणाले, घे, आता ऐकू येतेय का? इको तेवढा राहिला. आणि गंमत म्हणजे झकास वाटलं गं ते! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तू पण?"

मामा हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळायला लागला.

"तू पण टाळ्या वाजवल्यास, मामा?"

"मी एकोणीस वर्षांचा होतो," तो म्हणाला.

मी सोळाची आहे. मी नसत्या वाजवल्या.

बाबा पाच वाजता आले. मी दारातच उभी होते.

"ओल काय ट्रॅक मोजून लागते का हो, बाबा? एक ते पाच सोडून सहाव्याला? सातव्याला हात न लावता?"

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामाने छताकडे.

"पुसला मी," बाबा म्हणाले. "त्या वेळी रागात होतो. झालं ते झालं."

"मग उद्या कव्हरवर आईचं नाव घालायचं."

"कशासाठी? रेकॉर्डवर तिचा आवाज कुठे आहे? फक्त इको आहे. इकोचं नाव लिहितं का कुणी?"

हे ते शांतपणे म्हणाले. वायर गुंडाळत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नीट, जशी ते नेहमी गुंडाळतात. ओरडले असते तर मी इतकी पेटले नसते.

"आणि मूळ ठोका आणून दाखवला तर?"

"कोऱ्या टेपवरून?" ते हसले. अगदी मायेनेच. "आण. लिहीन नाव."

स्वयंपाकघरात आई ताटं पुसत होती. मी तिच्यावरच खेकसले. "तू का गप्प बसलीस? एकवीस वर्षं?"

ती माझ्याकडे पाठ करून होती. थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊ दे. जाऊ दे. दे."

मला तिचासुद्धा राग आला. भयंकर आला.

बाबा आणि मामा संध्याकाळच्या एका कार्यक्रमाला गेले. मी खोलीत परत आले आणि त्या दिवशी बाबांनी जे केलं होतं तेच केलं. माझी गिटार नवव्या चॅनलवर घेतली, तिचा फेडर शून्यावर ओढला आणि हिरव्या पेडलाकडे जाणारी वाट उघडी ठेवली. म्हणजे मी वाजवलेलं ऐकू येणार नाही, त्याचा इको तेवढा येणार. टेपवरचं चौथं गाणं सुरू केलं. बेस आला. दुसऱ्या मात्रेवर फटका मारला.

आणि मिळाला! तोच कोरडा, पाण्याखालून आल्यासारखा सूर. मी खरंच किंचाळले. चार मात्रा, आठ मात्रा, सगळं कॅसेटसारखं. बोटं आपोआप चालत होती.

मग मी पाणी प्यायला थांबले, आणि इको थांबला नाही.

आधी वाटलं, पेडल स्वतःचंच स्वतःला ऐकवत बसलंय. तसं होतं कधीकधी, पण तेव्हा आवाज वाढत जातो आणि शेवटी शिट्टी होते. हा वाढत नव्हता. बेसबरोबर चालला होता. आणि त्यात तो उलटा फटका होता, वर येतानाचा. मी तो कधी मारलेला नाही. मला तो येतच नाही.

मी घाबरले नाही. विज्ञानात मला नव्वदच्या वर असतात. गिटारची वायर काढली. इको चालूच. पेडलाची बॅटरी काढली. बंद. बॅटरी परत बसवली. चालू. नववा चॅनल पूर्ण बंद केला. चालू. मग एकेक चॅनलची पेडलाकडे जाणारी वाट बंद करत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. चालू.

सहावी बंद केली. थांबला.

सहावी उघडली. आला.

सहाव्या चॅनलवर कोरी टेप होती. त्याचा फेडर मी पूर्ण वर नेला आणि स्पीकरला कान लावला. काही नाही. खरखरसुद्धा नाही. जो आवाज मुळात नव्हता, त्याचा इको समोरच्या स्पीकरमधून येत होता. अर्ध्या सेकंदाची आठवण असलेल्या डब्यातून.

मी टेप थांबवली. हेडफोन गळ्यात होते. खोली शांत झाली, आणि माझं दाराकडे लक्ष गेलं, कारण दार उघडत होतं.

आई होती. तिने कडीवर हात ठेवला होता. ती मला काहीतरी म्हणाली.

म्हणजे तिचे ओठ हलले आणि मिटले.

मग आवाज आला. "जेवायला चल."

ओठ मिटलेलेच होते.

"जेवायला चल. चल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आजवर मी आईचं बोलणं कधी बघितलंच नव्हतं. ती हाक मारते तेव्हा मी वहीत असते, फोनमध्ये असते, हेडफोनमध्ये असते. मान वर करते तोवर तिसरं वाक्य आलेलं असतं. बाबाही असेच, मामाही तसाच. त्या घरात पहिलं वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे ते नसतंच हे कुणाला कळणार कसं?

"आई," मी म्हटलं. माझा आवाज मला लगेच ऐकू आला. "एकदा टाळी वाजव ना."

तिने भुवया उंचावल्या. हात पुसले, आणि वाजवली. तळवे एकमेकांवर आपटलेले मला स्वच्छ दिसले. बोटं जराशी लाल झाली.

काहीही आवाज झाला नाही.

तिने हात खाली घेतले. मग टाळी ऐकू आली. मग पुन्हा, लांबून. मग पुन्हा.

आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, काच उजेडात धरून चीर शोधताना बघते तशी. आणि मला समजलं की तिला ठाऊक आहे. कायमच ठाऊक होतं. कुणी नीट बघतंय का, याचीच ती वाट पाहत होती.

तिचे ओठ हलले. मिटले.

"दिसलं ना? दिसलं ना? ना?"

रात्री जेवताना मी बाबांकडे बघत होते. आई मीठ मागत होती. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा. बाबा मामाला कार्यक्रमातला किस्सा सांगत होते. तिसऱ्यांदा त्यांनी मीठ सरकवलं, तिच्याकडे न बघता, हसत. इतका राग मला आयुष्यात आलेला नाही. आणि त्यात सगळ्यात घाणेरडा भाग हा होता की त्या टेबलाशी बहिरे तिघं होते, आणि तिसरी मी होते.

रविवारी साडेअकराला मी मिक्सरसमोर बसले. बाबा मागच्या खुर्चीत होते, मांडीवर कागद, त्यावर कव्हरची नावं. त्यांचा फोन मिक्सरच्या कडेला ठेवलेला.

"झाली का टिटवीची जादू?" ते म्हणाले. "माझ्या माहितीप्रमाणे टेप अजून कोरीच आहे."

मी गाणं सुरू केलं. सहाव्याची वाट उघडली. इको आला.

बाबांची खुर्ची करकरली. "हे तू वाजवतेयस?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. गिटार भिंतीला टेकून उभी होती.

"बंद कर," बाबा म्हणाले.

मी सोलो दाबलं.

प्रत्येक चॅनलवर सोलोचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तो चॅनल सोडून बाकी सगळे गप्प. एखादी खरखर शोधायची असली की वापरतात, आणि काम झालं की आधी ते सोडवायचं, मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा, हा धंद्यातला पहिला धडा. नाहीतर बाकीचे जीव तोडून वाजवत राहतात आणि तुम्हाला वाटतं, कुणी वाजवतच नाहीये. बाबांच्या मिक्सरवर त्यातून फक्त इकोचा चॅनल सुटतो. त्यांनी तसं मुद्दाम वायरिंग केलंय.

सहाव्यावरचा लाल दिवा लागला. बेस गेला. ड्रम गेले. ऑर्गन गेला.

खोलीत काहीच उरलं नाही.

मग ठोका पडला.

इको नाही. ठोका. कोरडा, जवळचा, तारेवर नख लागल्याचं ऐकू येईल इतका जवळचा. माझ्या छातीवर आदळला. पुन्हा पडला. त्यामागे तो उलटा फटका.

आणि स्पीकरमधून एक बाईमाणूस बोललं.

"गिटार ऐकू येत नाहीये."

एकदाच.

मी वळले. आई दारात उभी होती. तिचे ओठ त्याच शब्दांवर हलत होते, आवाजाबरोबर, एका क्षणाचाही फरक नाही.

बाबा उठले होते. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. माझ्या कानात ठोक्याचा घणघणाट होता. मला वाटलं, त्यामुळे ऐकू येत नसेल.

"आता बोलू नकोस," आई त्यांना म्हणाली. एकदाच म्हणाली. असा आवाज असतो तिचा, मला माहीतच नव्हतं. किंचित खरबरीत. खालच्या पट्टीतला. "मी चार वेळा बोलले होते. तू तीन मोजलेस."

ती पेडल ओलांडून मिक्सरशी आली. माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मी आनंदाने रडत होते. टेप संपून रीळ मोकळं फिरत होतं, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

फोन वाजला. बारा वाजले होते.

आईने तो उचलून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार," रेकॉर्डवाला म्हणाला. "बाकीची नावं जुन्या कव्हरवरून घेतलीत, फक्त चौथ्या गाण्याला गिटार कुणाची, तेवढं राहिलंय."

"माझी," आई म्हणाली, आणि नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. सावकाश.

"वा. लिहिलं बघा. अक्षर न अक्षर लिहिलं."

मी उडीच मारली. दोन्ही मुठी वर. जिंकलो होतो! मग मीही फोनवर वाकले. सूर मी शोधला होता, पेडल मी लावली होती, ठोका मी आणला होता. कव्हरवर कुठेतरी खाली, बारीक अक्षरात चालेल, पण हवंच होतं मला. मी माझं नाव सांगितलं. असेल नसेल तेवढ्या आवाजात.

घसा थरथरला. दात झिणझिणले.

कानावर काही पडलं नाही.

मग डाव्या स्पीकरमधून, अर्ध्या सेकंदाने, माझं नाव आलं. पुन्हा आलं, लहान होऊन. पुन्हा आलं.

बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांचं तोंड अजूनही हलत होतं.

मी सोलोच्या बटणाकडे हात नेला. तिथे जागा नव्हती. आईचा अंगठा त्याच्यावर होता, बारीक चिरांचा, घट्ट दाबलेला. खाली लाल दिवा तिच्या नखातून दिसत होता.

"बाई, तुमच्याकडे इको येतोय का हो?" रेकॉर्डवाला म्हणाला. "मागे कुणी बोलतंय का?"

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नीट, पुरेसा वेळ घेऊन पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "इथे मी एकटीच आहे."